उजवा कौल मिळालेला अर्धा नकाशा

माझ्या ऑफिसात प्रिंटर आला तो दोन हजार सालानंतर कधीतरी. ऑफिस म्हणजे मालवणच्या बाजारात, किराणा दुकानाच्या माडीवरची एक खोली. घरांचे नकाशे मी काँप्युटरवर काढायचे आणि कागदावर हवे असले की फ्लॉपी पर्समध्ये टाकून छापायला एसटीने कुडाळ गाठायचे. पडद्यावरचा नकाशा लोकांना पटायचा नाही. "ह्यां दिसता बरा, पण हातात काय नाय," म्हणायचे. त्यामुळे प्रिंटरचं खोकं जिना चढून वर आलं तेव्हा मला वाटलं, सुटले बाई!

खोकं उघडायच्या आधी माझ्या वडिलांनी पुढ्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ह्यां छापूचा यंत्र हाडलेला आसा. तेच्यात काय वाकडा आसात तर ता सरळ कर रे म्हाराजा!" खालचा दुकानदार चहाचा कप हातात धरूनच "व्हय म्हाराजा" म्हणाला. देवाने ऐकलं असेल. प्रिंटरने अजिबात नाही.

वायर जोडली, सीडी घातली, तर काँप्युटर म्हणे प्रिंटर सापडत नाही. अरे मेल्या, तुझ्या मांडीला मांडी लावून बसलाय की! वायर काढून पुन्हा लावली, सीडी पुन्हा घातली, पुस्तिका वाचली. तीत सगळं सोपं होतं, फक्त माझ्यासमोर घडत नव्हतं. मी चहा प्यायला खाली जाऊन आले तर प्रिंटर सापडलेला. कसा, ते त्यालाच ठाऊक. मग कागदाच्या मापावरून प्रिंटरचं आणि काँप्युटरचं वाजलं. मी भला मोठा कागद घातला होता आणि सॉफ्टवेअर कुठला तरी परदेशी लहान कागद धरून बसलं होतं. माप बदललं की तेवढ्यापुरतं हो म्हणायचं आणि पुन्हा मूळ पदावर. शेवटी वैतागून मी चाचणीला मसुऱ्याच्या काकींचा नकाशा लावला.

या काकी माझ्या नात्यातल्या नव्हेत, नवं घर बांधायला निघालेल्या. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारा. काकी लग्न झाल्यापासून दिरा-जावांच्या एकत्र घरात. काय रांधायचं, मीठ किती, ताटं कधी वाढायची, सगळं थोरल्या जावेच्या हातात. त्यांनी माझ्याकडे एकच मागणं केलं होतं. "गो बाय, खोल्ये कितीव कर. चूल तेवडी माका माजी होयी." मी त्यांना खिडकीचं, हवेशीर स्वयंपाकघर दिलं, आग्नेयेला, म्हणजे नकाशात उजव्या कडेला.

प्रिंट निघाला. सुरेख! फक्त उजवी कड छापायचीच राहिली. ओटी होती, माजघर होतं, झोपायच्या खोल्या होत्या. स्वयंपाकघर नव्हतं. बरं, कापलं तेही नेमकं मधल्या भिंतीवर, त्यामुळे घर कसं पुरं दिसत होतं.

नकाशा न्यायला काकींचे थोरले दीर सकाळपासून येऊन बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. घर बांधायला देवाचा कौल घ्यायचा होता, आणि नकाशा देवापुढे ठेवायचा हे त्यांनीच ठरवलेलं. त्यांनी प्रिंट उचलून गुंडाळायला घेतला.

"दादानूं, ठेवा तो! अर्धोच इलोहा. रांदपाची खोली खंय आसा तेच्यात?"

"देव काय फूटपट्टी घेवन बसतलो? गुरव जेवन झोपलो तर उठूचो नाय," म्हणत ते जिना उतरलेसुद्धा. मी डोक्याला हात लावला.

गुरवाने देवाच्या अंगावर फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, उजवीकडचं फूल पडलं. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार! दुसऱ्या दिवशी मी पुरा नकाशा घेऊन मसुऱ्यात हजर झाले, कारण एव्हाना प्रिंटर गरिबासारखा वागायला लागला होता. दादांनी पुरा नकाशा नीट बघितला आणि बाजूला ठेवला.

"देवान ज्या कागदाक कौल दिल्यान, ताच घर बांदूक होया."

"अहो, तो प्रिंटर बिघडलेलो!"

"आणि तेका बिघडवल्यान कोणी?" असं म्हणून त्यांनी वर बोट केलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूल वेगळी म्हणजे घर फुटलं, ही त्यांची खरी धास्ती, आणि तिच्यावर पांघरूण देवाचं. पुन्हा कौल लावा म्हटलं तर गुरव म्हणाला, देवाला एकच गोष्ट दोनदा विचारायची नसते. बंदरातून काकींच्या नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, दादा म्हणतत तसा करा. जेवायची वेळ झाली होती, काकी जावांच्या चुलीपाशी गेल्या.

आखणीच्या दिवशी गवंडी देवाने पास केलेला कागद घेऊन चुन्याच्या रेघा ओढत होता. पूर्वेची रेघ झाली आणि काकी आल्या. डोक्यावर टोपली. त्या रेघेच्या बाहेर गेल्या, टोपलीतले तीन दगड मांडले, नारळाची सोडणं पेटवली आणि पेजेचं मडकं वर ठेवलं. धूर सगळ्यांच्या नाकातोंडात.

"ह्यां काय गो?" दादा धावत आले आणि दगडांशेजारी उभे राहिले.

"घर देवान सांगल्यान तसा बांदा," काकी फुंकर घालता घालता म्हणाल्या. "मी हय रांदतलंय, हयच खातलंय. देवाक इचारलात. माका कोणी इचारल्यानी?"

मी टेप काढला, दगडांच्या चारी बाजूंनी स्वयंपाकघराचं माप घेतलं आणि गवंड्याला म्हटलं, मार चुना. त्याने दादांकडे पाहिलं, मग काकींकडे. काकींनी मान डोलावली. तो रेघ ओढत आला आणि दादांच्या पायापाशी थांबला.

काकींनी पेज ढवळली. वरही न बघता त्या म्हणाल्या, "दादानूं, पाय उचला."

दादांनी पाय उचलले.