टिकलीखालचा टवका

ते केस अजून डोक्यातून जात नाई, कारण त्याच्यात सगळ्यात मोठा येडा मीच निंघालो. मी सातवी नापास. शिपाई म्हणून लागलो अन् सहायक फौजदार होऊन घरी बसलो. मंधात काय केलं ते विचारू नका, हे एवढं सांगतो.

जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावरची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका लहान ठाण्यात होतो. मे महिना. सकाळीच गावातला एक धान्याचा व्यापारी आला.

"जमादार, काल दुपारी शेजाऱ्यानं माया कारवर गोटा मारला. समोरच्या काचेले आरपार तडा गेला."

मारताना कोणं पाह्यलं नाई. पण पानठेलेवाल्यानं खबर देल्ली, का दारात गाडी लावण्यावरून काल दोघायचं भांडण झालतं. मले एवढं पुरे. रस्त्याचं काम चालू होतं, सगळीकडं गिट्टीच गिट्टी. त्यातला एक गोटा मले गुन्हेगार दिसला. जप्त केला, फडक्यात बांधून सील मारलं, पंचायच्या सह्या घेतल्या अन् शेजाऱ्याले ठाण्यात आणलं.

शेजारी वरठीच्या कारखान्यात ठेक्यावर होता. त्याले पक्की नोकरी लागून राहिली होती. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच टेबलावर पडून होता. गुन्हा दाखल झाला का नोकरी गेली. त्याची बायको ठाण्याच्या दारात उभी राहून म्हणे, "भाऊ, तो कागद आज नाई गेला तं जागा दुसऱ्याले देतीन."

मी चौकशीले बसलो. "काहून मारला बे गोटा?"

"नाई मारला, जमादार. मी तं तवा जेवत होतो."

"काय जेवत होता?"

"भात."

जबाबात 'भात' लिवलं. पुढं काय विचाराव ते सुचेना, म्हणून त्याले बाकड्यावर बसवून ठेवलं.

दुपारी साहेब येणार होते, म्हणून जीप धुवाले घेतली. जीपच्या काचेले महिनाभरापासून टवका होता. टवका झाकाले आमी बायकोची टिकली चिटकवतो, मीबी लाल टिकली लावली होती. तापलेल्या काचेवर माठाच्या पाण्याची बादली फेकली. टक्! टिकलीपासून तडा निंघाला, तो पार दुसऱ्या टोकाले गेला.

"कोणं मारला बे?" मी वरडलो.

बाकड्यावरून आवाज आला, "जमादार, मी इथंच बसून हावो. अन् आता तं भातबी नाई खाऊन राहिलो."

तसाच व्यापाऱ्याकडं गेलो. त्याच्या काचेवर हिरवी टिकली, अन् तडा तिथूनच निंघालेला. नखानं टिकली काढली. खालच्या टवक्यात जुनी काळी धूळ बसली होती. कालचा मार असता तं धूळ आली कुठून?

"गाडी कवा धुतली?"

"काल दुपारी. विहिरीच्या पाण्यानं."

"अन् हा टवका?"

"तो तं दिवाळीतच पडला, ट्रकची गिट्टी लागून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी विचारलं कुठी?"

जीपची काच बदलवाले गेलो, तवा काचवाला म्हणे, "टवका पडल्याबरोबर साफ टेप लावून आणला असता, तं डिंकासारखं औषध भरून काच वाचली असती. टिकलीखाली धूळ शिरते, मंग औषध धरत नाई. अन् तापल्या काचेवर थंड पाणी कायले टाकता?"

साहेबानं पहिले सीलबंद गोटा पाह्यला, मंग मले पाह्यलं.

तवापासून तडा कोणं पाडला हे विचाराच्या आधी तो कुठून निंघाला ते पाहाले शिकलो. त्याच दिवशी शेजाऱ्याच्या कागदावर 'गुन्हा नाही' लिवून सही केली. नोकरी लागली त्याले. पण अख्ख्या गावादेखत तो बाकड्यावर बसला होता, ते खोडाले त्या कागदावर मले जागा सापडली नाई.