काय न्हाई होत

उदगीरच्या नाक्यापुढं एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. ब्रेक लागत नसो की क्लच जळालेला असो, त्याचं उत्तर ठरलेलं, "काय न्हाई होत, मास्तर." बोलताना ओठातली बिडी वरखाली हलायची. गाडीपेक्षा मला त्या वाक्याचाच जास्त आधार वाटायचा.

माझ्या जुन्या टर्बो गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा काचा खाली करून लेकीसकट त्याच्याकडं गेलो. त्यानं बॉनेट उचललं, वाकून हुंगलं आणि रस्त्यापलीकडं जाऊन बिडी नालीत टाकली. इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचे रबरी सील तडकले होते. पेट्रोल झिरपत होतं आणि जवळच टर्बो तापलेला; गाडीनं कधीही पेट घेतला असता.

"पोरगी रोज ह्याच्यात बसती?"

"हो, शाळेत सोडतो."

तो पाने घेऊन कामाला लागला.

नवे सील बसवल्यावर म्हणाला, "पोरीला घेऊन त्या लिंबाखाली जावा. आजून मागं." मग एकटाच गाडीत बसला, दार सताड उघडं आणि एक पाय बाहेर जमिनीवर.

"आता काही होत नाही ना?" मी तिथून ओरडून विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि किल्लीला हात घातला. लेकीचा हात मी इतका घट्ट धरला की ती कळवळली.

गाडी सुरू झाली. तो उतरून टॉर्च मारून बराच वेळ सील बघत राहिला. त्यानं पुन्हा हुंगलं, गाडी बंद केली आणि तो आमच्याकडं आला.

"काय न्हाई होत, मास्तर," म्हणत त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. ती त्याच्या घामानं भिजलेली होती.