रबरानं पुसलेलं मोहाचं झाड

मी दुसऱ्याचं मोहाचं झाड रबरानं पुसलं. झाड धडधाकट होतं, त्याला कीड नव्हती, ते कुणाच्या वाटेतही येत नव्हतं. माझ्या चित्राच्या रचनेत तेवढं येत होतं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चित्रकलेचा विद्यार्थी होतो, म्हणजे दाढी वाढवली होती आणि घरच्यांशी कमी बोलायचो. सुट्टीत शहाद्याहून अक्कलकुव्यापर्यंत एसटीनं, पुढे जीपला लटकून आणि शेवटी पायी असा मणिबेलीच्या बाजूच्या एका पाड्यावर पोचलो. धरणाचं पाणी चढणार हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पाडा बुडणार आणि मी तो कागदावर वाचवणार, असा माझा थाट. एका घरासमोर दिवसभर बसून चित्र काढलं. त्याच घरानं मला जेवू घातलं. ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या, हे पक्कं आठवतं. कुठे बसून खाल्ल्या, ते नाही.

कॉलेजात सर त्या चित्रासमोर उभे राहिले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "झाड जड होतंय." एवढंच. पुसा असं काही ते म्हणाले नव्हते. पण सरांच्या मनातलं ओळखण्यात माझा हात कुणी धरला नसता. झाड खोडलं. तोल जाऊ नये म्हणून आभाळात डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन पक्षी सोडले. वर्गात पहिला आलो.

पुढे पाणी आलं, पाडा गेला, माणसं खाली सपाटीवरच्या वसाहतींत आली. मी शाळेत चित्रकला शिकवायला लागलो आणि पोरांना 'झाड जड होतंय' म्हणू लागलो.

गेल्या हिवाळ्यात माळ्यावरून त्या काळातल्या चित्रांची गुंडाळी निघाली. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या, मधलं मात्र सोडलं होतं. त्यांचं मत मी मनावर घेतलं नाही. शहाद्यात एक सभागृह मिळवलं, चित्रांना काचा लावल्या आणि दारावर मोठ्या अक्षरांत प्रदर्शनाचं नाव लिहिलं : 'जसं होतं तसं'.

"नाव साधं ठेवा," बायको म्हणाली. "कोनी इचारं तं काय सांगशात?"

कोण विचारणार होतं? पहिल्या दिवशी चौदा माणसं आली. त्यातली निम्मी शेजारच्या लग्नाची होती, जेवणाचा हॉल शोधत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र एसटीनं एक म्हातारी बहीण आणि तिचा थोडा कमी म्हातारा भाऊ आले. वसाहतीतल्या कुणीतरी मोबाइलवर माझ्या चित्राचा फोटो दाखवला होता. ते त्यांचं घर होतं. म्हातारीनं मला लगेच ओळखलं.

"तू तोच. तीन भाकरी खाल्ल्यास. चौथी लाजून ठेवलीस."

मला गहिवरून आलं. म्हटलं, आलं, कलेचं सार्थक दारात आलं! पण ते दोघं कलेसाठी आलेच नव्हते. त्यांचं भांडण होतं. बाप मरताना सांगून गेला होता, घरात गुरं बांधायची त्या बाजूचं मोहाचं झाड बहिणीचं. बहीण म्हणायची, झाड गुरांकडेच होतं, मी पहाटे उठून त्याची फुलं वेचली. भाऊ म्हणायचा, झाड दाराकडे होतं, म्हणजे माझं, तुला वेचू दिली एवढंच. झाड पाण्याखाली गेलं तरी भांडण वरच राहिलं. आता झाड जागेवर असताना, तिथेच बसून काढलेलं चित्र सापडलं होतं. मोबाइलात झाड दिसलं नाही, पण फोटोचा कोपरा कापला गेला असेल, असं त्यांना वाटलं.

दोघं चित्रासमोर उभे राहिले. डावीकडे दार, उजवीकडे गुरांची बाजू. भावानं काचेवर बोट फिरवलं.

"झाड कुठंय?"

मी रचना, तोल, अवकाश असं काहीतरी बोललो.

"हे कोण?" त्यानं पक्ष्यांकडे बोट केलं.

"ते... नंतरचे."

दाराशी बसलेली बायको तिकडून बोललीच, "जसं व्हतं तसं लिखेल शे ना? मंग झाड कोठे गयं?"

मग सांगावं लागलं. "त्याच्याच सावलीत जेवलास," म्हातारी म्हणाली. भाऊ हळूच म्हणाला, "बाजू तरी सांग. कुठून पुसलं?"

मला आठवेना. तीन भाकरी आठवत होत्या, सरांची तिरकी मान आठवत होती, झाडाची बाजू नाही. दोन म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आभाळातले पक्षी मोजत होतो.

"उजेडात तिरकं धर," म्हातारी म्हणाली. "गोधडीतला उसवलेला टाका तसाच दिसतो."

बायकोनं पकडीनं चौकटीमागच्या बारीक चुका उपटल्या, काच काढली. कागद खिडकीशी तिरका धरला. विद्यार्थी असताना मी पेन्सिल कुदळीसारखी दाबायचो, सर त्यावरूनही बोलायचे. शिसं पुसलं गेलं होतं, पण कागदाला पडलेले चर तसेच होते. गुरांच्या बाजूला, अगदी भिंतीला लागून, खोड वर चढत गेलेलं. मध्येच वाकलेलं. फांद्यांचे फाटे, आणि वाकलेल्या जागी एक ढोली.

"घुबडाची," भाऊ पुटपुटला. ते झाड कुणाचं, हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून बघत राहिला. म्हातारीनं कागदावरच्या चरांवरून बोट नेलं, खालून वर, जणू चढतेच आहे.

मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलावं. म्हटलं, "आजी, चित्र तुम्ही घेऊन जा."

तिनं चित्र हातभर लांब धरलं, घर पाहिलं, दार पाहिलं, सहाही पक्षी पाहिले.

"पुसलंस तेवढंच चांगलं काढलं होतंस," ती म्हणाली. "बाकीचं कशाला ठेवलंस?"