चुकल्यावरची वाहवा

सीटवाले भाऊ मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी वाशिमला आपल्या राहत्या घरी वारले. वय एक्कावन्न होते. चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता, दाढी अर्धी झाली होती. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असे कारण सांगितले. त्याआधी त्यांना काही आजार असल्याचे कोणालाच माहीत नव्हते, त्यांनाही नव्हते.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचे मोटारसायकल आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवण्याचे दुकान होते. त्यामुळे ते सगळ्या गावाचे सीटवाले भाऊ. त्यांचे खरे नाव बऱ्याच जणांना चौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावरूनच कळले. भाऊ गात नसत. त्यांना पेटी, तबला, टाळ यातले काही वाजवता येत नव्हते. ते फक्त ऐकायचे. पण वाशिममध्ये गाण्याचा कार्यक्रम ठरला, की आयोजक आधी गायकाला सांगायचे आणि मग भाऊंना.

भाऊंची दाद देण्याची पद्धत उलटी होती. गायक चुकला, की ते ओरडत. सूर घसरला, शब्द विसरला, समेला पोचता पोचता पाय अडखळला, की पहिल्या रांगेतून आवाज यायचा, "वाह! क्या बात हाय!" तो इतका मोठा असायचा, की चूक त्याखाली झाकली जायची. मागच्या रांगांतल्या लोकांना वाटायचे, आत्ता काहीतरी फार अवघड झाले. तेही टाळ्या वाजवत. तेवढ्या वेळात गायक सावरायचा.

आणि गाणे खरोखर चांगले झाले, की भाऊ गप्प बसत. चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि गाणे संपेपर्यंत तोंड उघडत नसत. वाशिम-मालेगाव भागातल्या गाणाऱ्यांना हे ठाऊक होते. पहिल्या रांगेतून वाहवा आली, की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. चष्मा खिशात गेला, की गडी जिंकला.

बाहेरच्यांची मात्र पंचाईत व्हायची. मालेगावला एका लग्नाच्या आदल्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम होता. गायक परजिल्ह्यातला. एका तानेत त्याचा सूर पार सुटला आणि भाऊ ओरडले. गायक खूष झाला. रसिक माणूस भेटला म्हणून त्याने तीच तान पुन्हा घेतली. पुन्हा सूर सुटला, भाऊ पुन्हा ओरडले. मग तो भाऊंकडे पाहूनच गायला लागला. परतीच्या एसटीत भाऊंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "लेकाच्यानं घसा बसवला माह्या," एवढेच ते म्हणाले, आणि तेही खुणेनेच पुरे केले.

हे असे का करता, असे मी त्यांना एकदा विचारले होते. ते तेव्हा एका बुलेटच्या सीटला रेक्झीन ताणत होते. हातातला गोंदाचा ब्रश खाली न ठेवता म्हणाले, "पत्रकार, समेवर पोचल्यावर कोनीबी टाळ्या देते. मधात पडला त्याले तवाच हात द्या लागते. मंग देऊन काय फायदा?"

दुकान सोमवारी बंद असायचे आणि सोमवारी दुपारी तिथेच बैठक भरायची. खुर्च्या नव्हत्या, सीटा होत्या. कोणी जीपच्या सीटवर, कोणी ट्रॅक्टरच्या, कोणी फोमच्या गुंडाळीवर. पहिल्या रांगेला मोडीत काढलेल्या एसटीचे दोघांचे बाकडे होते, नवीन कव्हर घातलेले. त्यात डावीकडे भाऊ. उजवी जागा उशिरा येणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असे. मी बातमी मिळेल म्हणून पहिल्यांदा गेलो. नंतर बातमी नसतानाही जात राहिलो.

दुकान चालू असतानाही त्यांचा कान मोकळाच असे. आसेगावचे एक शेतकरी ट्रॅक्टरची सीट शिवायला घेऊन आले होते. थांबल्या थांबल्या ते गौळण गुणगुणायला लागले. सीट शिवून झाली होती. भाऊंनी हळूच कडेचे टाके उसवले आणि पुन्हा घालायला घेतले. गौळण संपली तेव्हा ते म्हणाले, "झाली तुमची सीट." शेतकरी म्हणाले, "भाऊ, तुमी काम लय बारकाईनं करता." भाऊंनी मान डोलावली.

बैठकीचे मुख्य गायक सलीमभाई. ते उन्हाळ्यात पत्र्याचे कूलर बनवतात आणि हिवाळ्यात गातात. भाऊ आणि ते एकाच शाळेत, एकाच वर्गात होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सलीमभाई गाणे विसरले, पोरे हसायला लागली आणि भाऊंनी आयुष्यातली पहिली वाहवा ठोकली. गाणे कोणते होते, याबद्दल दोघे वेगवेगळे सांगत. ओरडल्याबद्दल भाऊंना मास्तरांनी बाहेर उभे केले, यावर मात्र दोघांचे एकमत होते.

तेव्हापासून सलीमभाईंना भाऊंकडून फक्त वाहवा मिळत आली. इतरांसाठी चष्मा निघाला. रिठदच्या एका भजनी मंडळातल्या आजोबांसाठी निघाला, आसेगावच्या शेतकऱ्यासाठी तर हातात सुई असताना निघाला. सलीमभाईंसाठी नाही. गाणे बरे चालले असले, तरी कुठेतरी एक जागा निसटायची आणि ती भाऊंना बरोबर सापडायची.

"तू मुद्दाम करून राह्यला," सलीमभाई म्हणायचे.

"मी काहून करू? तू चुकून राह्यला."

"एक दिवस तुले चूप बसवतो, भाऊ. कसम से."

"बसव ना. माह्याबी घशाले आराम पाह्यजे."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याला बैठकीची नांदी म्हणता येईल.

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशी सोमवार होता. सलीमभाईंनी एक गौळण गायली, चाल त्यांनी स्वतः लावलेली. अंतऱ्यापर्यंत पहिल्या रांगेतून आवाज आला नाही. भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. सलीमभाईंनी ते पाहिले. मग त्यांनी गाणे आवरते घेतले नाही. वाढवले. एक अंतरा तीन तऱ्हांनी म्हटला. गाणे संपले तेव्हा भाऊ उठले, चपला घातल्या आणि कोणाशी न बोलता बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यानंतर सलीमभाईंनी पेटी उघडली नाही. तेराव्याला ते आले, कोपऱ्यात बसले आणि उठून गेले. दोन-तीन आठवड्यांनी मी त्यांच्या शेडवर गेलो. ते पत्रा कापत होते.

"मले एक सांग," ते म्हणाले. "तो चूप कायले बसला होता?"

मी म्हणालो, गाणे चांगले झाले होते म्हणून.

"अन् छातीत दुखत असंल तं? डोये मिटून बसला होता तो. मी समजलो, जिंकलो. गाणं वाढवत गेलो. तवाच थांबून विचारलं असतं, का बाप्पा काय झालं, तं दवाखान्यात नेला असता." त्यांनी कात्री खाली ठेवली. "तू पत्रकार हाय ना? काढ शोधून. माह्यं मन राखायले सांगू नको. खरं काय ते सांग."

मी शोध घेतला. पहिल्यांदा वहिनींकडे गेलो. भाऊंच्या पत्नी रिठदच्या. गाण्यातले आपल्याला काही कळत नाही, असे त्या उघड सांगत आणि बैठकीला कधी येत नसत. मी विचारण्याआधीच त्यांनी चहा ठेवला. सोमवारी संध्याकाळी भाऊ घरी आल्यावर काय काय झाले, ते त्यांनी ओळीने सांगितले. स्कूटर धुतली. वांग्याची भाजी होती, दोन भाकरी खाल्ल्या, वरून ठेचा मागितला. तक्रार एकच केली, ठेचा तिखट नसल्याची.

"जेवता जेवता म्हणे, आज सलीमनं मले चूप केलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, मंग त्याले सांगतलं का? तं म्हणे, आत्ताच नाई. येत्या सोमवारी सांगतो. आजच सांगतलं तं त्याच्या डोक्यात हवा जाईन, मंग चार महिने बेसूर गाईन."

त्या हसल्या आणि मग बराच वेळ कपबशा विसळत राहिल्या.

एकाच्या सांगण्यावर बातमी होत नाही. शिवाय वहिनी जवळच्या, समजूत घालण्यासाठीही एखादे वाक्य निघू शकते. म्हणून मी दुकानासमोरच्या चहावाल्या पंजाबरावांकडे गेलो. सलीमभाईंचे नाव काढले नाही. त्या सोमवारी भाऊ चहाला आले होते का, एवढेच विचारले.

"आले होते ना," पंजाबराव म्हणाले. त्यांचा राग अजून गेलेला नव्हता. "मी आपलं सहज विचारलं, भाऊ, सोयाबीनचं काय चाललं? तं माह्यावरच डाफरले. म्हणे, थांबा जरा पंजाबराव, बोलू नका, सलीमचं गानं अजून कानात हाय. उभ्यानंच चाय पेले अन् गेले. आता तुमीच सांगा, चाय माही, हॉटेल माही, अन् मीच बोलू नाई?"

तब्येत कशी दिसत होती?

"तब्येतीले काय झालं होतं? खुशीत होते. जाता जाता माह्या बाकड्यावर हातानं ठेका देऊन गेले. ग्लास पडला एक."

मी हे दोन्ही सलीमभाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ग्लास पडल्याचे दोनदा विचारले. फुटला का? फुटला. मग ते पंजाबरावांकडे गेले आणि स्वतः विचारून आले. आल्यावर म्हणाले, "सोमवारी दुकान उघडायले सांग वहिनीले."

त्या सोमवारी दुपारी वहिनींनी दुकानाचे शटर वर केले. सीटा पुसून ठेवलेल्या होत्या. नेहमीची माणसे आली आणि आपापल्या सीटांवर बसली. एसटीचे बाकडे रिकामे राहिले. कोणी म्हणाले, त्यावर हार ठेवावा. कोणी म्हणाले, फोटो. चर्चा चालू असताना वहिनी चपला काढून आत आल्या आणि सरळ त्या बाकड्यावर डावीकडे बसल्या.

"ठेवा तो हार बाजूले," त्या म्हणाल्या. "रेक्झीन ओली होते."

सलीमभाईंनी पेटी उघडली. तीच गौळण घेतली. मुखडा नीट झाला. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीत त्यांचे लक्ष बाकड्याकडे गेले, आवाज फाटला आणि शब्द गेले. पेटीवरची बोटे थांबली. तबला दोन मात्रा पुढे जाऊन थांबला. सलीमभाई खाली मान घालून बसले.

"वाह!" वहिनी ओरडल्या. "क्या बात हाय!"

आवाज एवढा मोठा होता, की समोरून पंजाबराव हातात किटली घेऊन रस्त्यावर आले. आधी तबलजी हसला. मग सगळे हसले. सलीमभाईंनी वर पाहिले, तेही हसायला लागले आणि हसता हसता बाहीने डोळे पुसत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमाले तं गान्यातलं काई समजत नाई ना?"

"गान्यातलं नाई समजत," वहिनी म्हणाल्या. "पडलेला मानूस समजते. चाला, घ्या पुन्हा."

सलीमभाईंनी मुखड्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांनी अंतरा तीन तऱ्हांनी म्हटला. गाणे संपेपर्यंत वहिनी एक शब्दही बोलल्या नाहीत.