'भाऊ' म्हणणे थांबले तेव्हा

दोन माणसे एकमेकांची झाली, हे तिऱ्हाइताला कशावरून कळावे, हा माझा प्रश्न होता. उत्तर दिले कळंबच्या बसथांब्यावरच्या एका अनोळखी बाईंनी.

त्या एका विधुर बागायतदाराची लहान मुलगी सांभाळत. मी बसची वाट पाहत उभा असे तेव्हा मुलीला शाळेच्या गाडीत बसवायला रोज दोघेही येत. बाई आधी मुलीच्या वेण्या ओढून घट्ट आहेत का ते पाहत, मग वडिलांना म्हणत, "भाऊ, निघा आता. पाणी द्यायचं ऱ्हाईल." आमच्याकडे परक्या पुरुषाला भाऊ म्हणण्याची रीतच आहे, त्यामुळे अंतर राहते आणि मानही.

एके सकाळी बाई म्हणाल्या, "भाऊ, अवसरीला होस्टेलच्या मेसमधी काम मिळतंय. पोरीला दुसरी बाई बघा."

तो मुलीच्या दप्तराचा पट्टा उगाच सारखा करत राहिला. मग म्हणाला, "पोरीला बघीन. मला कोण बघायचं? अन् ते भाऊ म्हणणं सोडा आता."

"मग काय, पावणं म्हणू?" बाई हसल्या; पदर मात्र डोळ्यांना लावला.

त्या अवसरीला गेल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी वेण्या तपासून झाल्यावर त्यांनी मान खाली घालून एवढेच म्हटले, "ऐकलं का? निघा आता."

मुलीला आई मिळाल्याचे मला तेव्हा समजले. इतकी खासगी गोष्ट त्यांनी माझ्यासारख्या परक्यासमोर घडू दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

वाचकांनी आपल्या आसपासच्या घरांतली हाक एकदा स्वतः ऐकून हे उत्तर पडताळून पाहावे, ही विनंती.