मिटवलेलं प्रकरण

ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला नागरिकांना बोलावणारं, पत्र आलं की अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या ऑफिसात जो तो सबब शोधतो. मला मात्र हौस. इथली नागरिक झाल्यापासून मी त्या पत्राची वाटच पाहत होते.

खटला एका म्हाताऱ्यावर होता. लांबच्या एका देशात तो लष्करी अधिकारी होता आणि कोठडीत माणसांचे हाल केल्याचा त्याच्यावर आरोप होता. गुन्हा तिकडचा, साक्षीदार तिकडचे. पण आरोपी इथे येऊन राहिला, म्हणून खटला इथे. ज्युरी निवडताना जजनी विचारलं, तुमच्या घरात कोणी हिंसेला बळी पडलंय का? मी बेधडक नाही म्हटलं. आपण खोटं बोलतोय असं मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका साक्षीदाराने उजवा हात वर करून दाखवला. त्याची तीन बोटं वाकत नव्हती. माझ्या बाबांचीही वाकत नाहीत. चौदा एप्रिलची मिरवणूक गावाच्या मुख्य रस्त्याने नेली म्हणून चावडीसमोर त्यांचा हात दगडाने ठेचला होता. दुसऱ्या दिवशी सरपंच घरी आले, मिटवून टाका म्हणाले, आणि बाबांनी त्यांच्या कागदावर डाव्या हाताने सही केली. तेव्हापासून आमच्या घरात ते 'मिटवलेलं प्रकरण'. गुन्हा हा शब्द त्याला कुणी लावलाच नव्हता. मीही नाही. वकिली भाषा ऐकत खुर्चीत बसल्या बसल्या मला स्वतःचाच संताप आला.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? आणि खरं सांगते, त्या म्हाताऱ्याला दोषी ठरवायला माझे हात शिवशिवत होते. पण हे पुढे उघडकीला आलं असतं तर निकाल रद्द होऊन त्या साक्षीदाराला तो हात पुन्हा सगळ्यांसमोर धरावा लागला असता. मी जजना चिठ्ठी पाठवली. त्यांनी आभार मानून मला मोकळं केलं आणि माझ्या जागी राखीव ज्युरर बसला. गाडीत बसून मी खूप रडले.

म्हातारा दोषी ठरल्याची बातमी वाचली त्या दिवशी बाबांना गावी फोन केला. साक्षीदार दोन दिवस बोलला आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं, हे सांगितलं. बाबांनी विचारलं,

"मिटवून टाका म्हणायला कोणी आलं नाही?"

"नाही, बाबा."

"कोणीच नाही?" त्यांनी परत विचारलं.