शाळेतली कबड्डी आणि माझा मुका झालेला लेक

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पाठवणं आधी बंद करा. त्यानं घरातला गाळ निघत न्हाई. आता नमस्कार.

नदीचं पाणी घरात शिरल्यापासून मी, लेक आणि सून शाळेच्या वर्गात पडलोय. लेक चाकणला कंपनीत हाय. घर बुडालं तसा तो भिंतीकडं तोंड करून बसला. तीन दिवस तोंडातून शब्द न्हाई, पोटात घास न्हाई.

आज दुपारी बायकांनी व्हरांड्यात खडूनं रेघा मारून कबड्डी मांडली. सून पदर खोचून चढाईला गेली. चौघींनी तिला धरलं, तरी सरपटत तिनं मधल्या रेघेला बोट लावलं.

पंच झालेली शेजारीण म्हणाली, "बाद!"

लेकाची मान कधी वळली, देवाला ठाऊक. एकदम वरडला, "ओ काकी, बाद कशी? बोट लागलंय की!"

मी म्हणलं, "बोलता येतंय व्हय रे? मग जेव आता."

भांडत भांडत दोन चपात्या खाल्ल्या त्यानं.

संध्याकाळी निरोप आला, उद्या शाळा भरणार, वर्ग मोकळा करा. घरात अजून गुडघाभर गाळ हाय. लेक परत भिंतीकडं वळला.

उद्या त्याला घेऊन कुठं जाऊ? ज्याच्या घरात पाणी शिरलं, त्यानंच उत्तर द्यायचं. वरच्या मजल्यावाल्यांनी गप बसा.